सुरू होत नाही

बटण दाबल्यावर संगणकाच्या डब्यातला पंखा जेमतेम अर्धा फेरा फिरला आणि थांबला. बोर्डाच्या कोपऱ्यात एक बारीक दिवा लागल्यासारखा झाला आणि विझला. त्याने बोट उचललं, पुन्हा दाबलं. झोपेत कूस बदलताना माणूस हलतो तितकाच पंखा हलला आणि पुन्हा गप्प. समोरचा नवा पडदा काळा होता आणि त्या काळ्यात त्याला स्वतःचं कपाळ, मागची खिडकी आणि खिडकीशी खुर्चीत बसलेली बायको दिसत होती. शनिवारची सकाळ होती. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी धूत होतं, बादलीच्या कडीचा आवाज वर येत होता. बायकोने विचारलं, "झालं का?" त्याने वळून न बघता सांगितलं, "होतंय, होतंय. पहिल्यांदा जरा वेळ लागतो याला." असं काही नसतं हे त्याला माहीत होतं. पुस्तिकेत लिहिलं होतं की बटण दाबताच पंखे फिरू लागतील आणि पडद्यावर कंपनीचं चिन्ह येईल. त्याने पुस्तिका तीनतीनदा वाचली होती, परीक्षेला बसल्यासारखी. आता पडदा काळाच राहिला म्हटल्यावर तो आपला बटणावर बोट ठेवून बसून राहिला, दार उघडेल म्हणून बेलवरचं बोट न काढणाऱ्या पाहुण्यासारखा.

"झालं का" हे शब्द तिच्या तोंडून असे आले नव्हते. गेल्या हिवाळ्यापासून तिच्या बोलण्याच्या कडा झिजत चालल्या होत्या. आधी 'र' गेला. मग 'स' आणि 'श' एकमेकांत मिसळले. मग तोंडात गरम घास घेऊन बोलावं तसं सगळंच बोलणं गोल गोल यायला लागलं. पण त्याच्या कानांनी ही तूट भरून काढायचं काम कधी अंगावर घेतलं, ते त्यालाही कळलं नव्हतं. तिच्या ओठांतून काहीही बाहेर पडलं तरी त्याला ते जुनं, धडधाकट वाक्यच ऐकू यायचं. दूधवाला किंवा शेजारीण "काय म्हणतायत?" असं त्याच्याकडे बघून विचारायचे, तेव्हा त्याला मनापासून नवल वाटायचं. इतकं सरळ तर बोलली, असं वाटायचं. या गोष्टीत तिचं बोलणं जसं दिलं आहे, ते त्याला ऐकू यायचं तसं आहे.

मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी तिच्या मेंदूची आणि मानेची चित्रं उजेडावर लावून दाखवली होती. करडी, सुरेख, नदीच्या खोऱ्यासारखी चित्रं. त्यांत काहीच दिसत नव्हतं. "काही दिसत नाही, यावरूनच आम्ही ओळखतो," डॉक्टर म्हणाले होते. मज्जातंतू हळूहळू काम सोडत जातात. हिच्या बाबतीत जिभेपासून सुरुवात झाली आहे. पुढे हात, पुढे गिळणं. कशामुळे, असं त्याने विचारलं होतं. डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "होतो एखाद्याला." तो पाणीपुरवठा खात्यात आराखडे काढायचं काम करत आला होता. जमिनीखालून जाणाऱ्या नळांचे नकाशे. ऑफिसात सगळे त्याला 'इंच' म्हणायचे, कारण कुणी "साधारण इथे कुठेतरी" म्हटलं की त्याच्या अंगावर काटा यायचा. एखाद्या गल्लीत पाणी येत नाही म्हटल्यावर तो नकाशा पसरायचा, वरच्या टाकीपासून बोट फिरवत खाली यायचा, आणि कुठल्या तरी झडपेवर, कुठल्या तरी वळणावर बोट थांबायचं. खणून बघितलं की बिघाड तिथेच किंवा तिथून हातभर अंतरावर सापडायचा. बिघाड आहे म्हणजे त्याला जागा आहे, एवढ्या एका विश्वासावर त्याची सगळी नोकरी उभी होती. डॉक्टरांच्या खोलीत तो त्या चित्रांवरून नजर फिरवत राहिला, वरून खाली, वरून खाली, आणि बायको म्हणाली, "अहो, चला. त्यांच्याकडे बाहेर लोक खोळंबलेत."

संगणक जोडायचं निघालं ते त्यानंतर. वाणी सुधारायला घरी येणारी जी बाई होती, स्पीच थेरपिस्ट, तरुणच होती, पाठीवर मोठी पिशवी घेऊन जिने चढून यायची आणि धापा टाकत आधी पाणी मागायची, तिने एक दिवस पिशवीतून काही न काढता नुसतंच बोलायला सुरुवात केली. आता जिभेच्या व्यायामांनी फार काही होणार नाही, ती म्हणाली. पण आवाज आहे तोवर तो साठवून ठेवता येईल. एक प्रोग्राम आहे. आपण त्याला शेकड्यांनी वाक्यं वाचून दाखवायची, तो आवाज शिकून घेतो. मग बोलता येईनासं झालं की पडद्यावरच्या अक्षरांकडे बघायचं, कॅमेरा डोळे कुठे बघतायत ते ओळखतो, आणि संगणक ते वाक्य आपल्याच आवाजात म्हणतो. "डोळ्यांनी?" बायकोने विचारलं. "हो, डोळे शेवटपर्यंत चालतात," थेरपिस्ट म्हणाली आणि आपण काय बोललो ते लक्षात येऊन तिने पाण्याचा पेला पुन्हा तोंडाला लावला. बायको मात्र हसली. "म्हणजे मी नोकरी बरोबर ठिकाणी केली," ती म्हणाली. तिने सगळी हयात डोळ्यांच्या दवाखान्यात समोरच्या टेबलावर काढली होती. हे वाक्य थेरपिस्टला कळलं नाही. त्याने ते पुन्हा सांगितलं, तोवर विनोदातली हवा गेली होती, तरी थेरपिस्ट शहाणी, हसली.

घरातला जुना संगणक त्या प्रोग्रामचं नाव काढताच घुसमटायचा. फोनवर वाचून बघितलं तर प्रोग्रामला ते चालेना. त्याला चांगला माइक हवा, दणकट यंत्र हवं. परदेशी नोकरीला असलेली मुलगी म्हणाली, "बाबा, तयार घेऊन टाका ना." पण तयार, तसला दणकट, मिळायला वेळ होता, आणि सुटे भाग बाजारात होते. मुलीच्या एका मित्राने कुठला भाग कशाला जुळेल ते सांगितलं. आणि खरं सांगायचं तर त्याला ते हवंच होतं. गेले कित्येक महिने तो फक्त उभा राहत आला होता. तपासणीच्या खोल्यांबाहेर, औषधांच्या खिडकीपुढे, न्हाणीघराच्या दाराशी. हातांना काही कामच नव्हतं. खोकी घरी आली, त्याने टेबलावर स्वच्छ चादर अंथरली, आणि पहिल्यांदाच आपण तिच्यासाठी काहीतरी करतो आहोत असं त्याला वाटलं. प्रोसेसर त्याने श्वास रोखून जागेवर ठेवला. त्यावर लावायचा करडा मलम वाटाण्याएवढा काढला. मेमरीच्या पट्ट्या दाबल्या तेव्हा दोन्हीकडून कट् असा आवाज आला, आणि तो आवाज ऐकून खुर्चीतून बायको म्हणाली, "वा." आपल्याला असं 'वा' शेवटचं कुणी, कधी म्हटलं होतं ते त्याला आठवेना.

आणि आता हे. दुपारपर्यंत त्याने वरून खाली सगळं तपासलं. भिंतीतली वीज येते आहे. पॉवर सप्लायच्या मागचं बटण खाली आहे. मोठी वायर बोर्डात घट्ट बसली आहे, प्रोसेसरकडे जाणारी वेगळी वायरही बसली आहे. बहुतेकांचं इथेच चुकतं असं वाचून त्याला आशा वाटली होती, पण ती बरोबर होती. मेमरीच्या पट्ट्या काढून पुन्हा लावल्या. मग एकच लावली. मग दुसरी लावली. दर वेळी बटण, दर वेळी तो अर्धा फेरा. त्याला तो अर्धा फेरा आता सहन होईना. अजिबात हललाच नसता पंखा तर बरं झालं असतं. वीजच नाही म्हणून मोकळा झालो असतो. पण हा उठू बघत होता, आतून कुणीतरी त्याला खांद्याला धरून खाली बसवत होतं.

"जेवून घ्या," बायको म्हणाली. "एवढं बघतो आणि येतो." "बघून झालंय तुमचं. ते कुठे पळून जात नाहीये." तिच्यासाठी त्याने मिक्सरमधून काढलेलं जेवण तिच्या पुढ्यात ठेवलं, स्वतःचं ताट टेबलावर त्या उघड्या डब्याशेजारी. ती चमच्याने सावकाश, लक्ष देऊन खात होती. एकेक घोट गिळताना हनुवटी छातीला टेकवायची, असं थेरपिस्टने शिकवलं होतं, म्हणून दर घासाला ती कुणाला तरी नमस्कार करते आहे असं दिसायचं. मधेच ती म्हणाली, "त्या दिवशी दवाखान्यातली जुनी डॉक्टरीण भेटली होती का तुम्हाला?" "हूं," तो म्हणाला. त्याचं लक्ष बोर्डावरच्या चकचकीत बारीक रेषांकडे होतं. रेषा जवळजवळ धावत होत्या, एकदम वळत होत्या, एका भोकातून खाली जात होत्या. पाण्याचे नळच. पण याचा नकाशा कुणापाशी होता?

दवाखान्याचं नाव निघालं तशी त्याला तिथली ती लांब खोली आठवली. भिंतीला टेकून बाकं, आणि बाकांवर डोळे मिटून बसलेली माणसं. डोळ्यांत औषध घातलेलं, बाहुल्या मोठ्या व्हायची वाट बघणारी. त्या सगळ्या मिटल्या डोळ्यांना एकच गोष्ट ऐकू यायची, तिचा आवाज. "डोळे मिटलेलेच ठेवा हं आजोबा. मी सांगेन तेव्हाच उघडायचे. अहो काकू, बघितलं मी तुम्हाला, चोरून उघडलेत." तोही तसाच बसला होता, नकाशांच्या बारीक रेषांनी डोळे दुखायला लागले म्हणून आला होता. अंधारात बसून त्याने तो आवाज ऐकला. किंचित घोगरा, घाई नसलेला, कुठल्याही क्षणी हसू फुटेल असा. बाईचं वय काय असेल, चेहरा कसा असेल, याचा अंदाज बांधत राहिला. शेवटी तिने त्याचं नाव पुकारलं, "उघडा आता" म्हटलं, आणि त्याने डोळे उघडले तर सगळंच पांढरं, विस्कटलेलं, तिच्या जागी नुसता एक उजळ ठिपका. ती हसत होती हे त्याला कळलं, दिसलं नाही. पुढच्या आठवड्यात डोळ्यांना काही झालेलं नसताना तो पुन्हा गेला होता, दिसते कशी ते बघायला. पुढे लग्न झाल्यावरही रस्त्यात अनोळखी माणसं वळून बघायची, ती भाजीवाल्याशी बोलत असली की. "तुम्ही दवाखान्यातल्या ना?" चेहऱ्यावरून तिला कुणी ओळखत नसे.

हे सगळं आठवलं, पण आवाज आठवला नाही. घोगरा होता, घाई नव्हती, हसू होतं. हे सगळं त्याला माहीत होतं, जसं एखाद्या गावाची लोकसंख्या माहीत असते. कानांत मात्र तो वाजेना. त्याने तिथेच, हातात स्क्रू ड्रायव्हर धरून, डोळे मिटून बघितलं. खाली पुन्हा बादलीची कडी वाजत होती. जुने व्हिडिओ होते, मुलीच्या शाळेतले, एका सहलीतला, पण त्यांत ती कॅमेऱ्यामागे असायची नाहीतर वाऱ्यात बोलत असायची. तो उठून तिच्याजवळ जाणार होता. "काहीतरी बोल," म्हणणार होता. पण ती डोळे मिटून खुर्चीत कलली होती, आणि तिचा डोळा लागला असेल म्हणून तो पुन्हा टेबलाशी बसला.

संध्याकाळी मुलीचा फोन आला. पडद्यावर तिचा चेहरा, मागे तिच्या ऑफिसातली काचेची भिंत. "बाबा, बोर्ड डब्यातून बाहेर काढून बघा. पुठ्ठ्यावर ठेवा. कधीकधी डब्याला टेकून शॉर्ट होतो." त्याने मान डोलवली. मग फोन बायकोकडे वळवला. बायको बराच वेळ बोलली: हवा बदलली आहे, शेजारच्यांची मांजर पुन्हा आमच्या गच्चीवर येते, तुझे बाबा सकाळपासून त्या डब्यात डोकं घालून बसलेत, आता फक्त शेपटी बाहेर आहे. मुलगी सगळ्याला "हो आई, हो आई" म्हणत हसत राहिली. मग फोन परत त्याच्या हातात आल्यावर तिने आवाज खाली आणला. "बाबा, आई काय म्हणाली?" "मांजराचं सांगत होती," तो म्हणाला. "मला काहीच कळलं नाही," मुलगी म्हणाली. "एक शब्दसुद्धा नाही." तो म्हणाला, "फोनवर नीट येत नाही आवाज." मग "हो, फोनवर नाही येत," असं तीही म्हणाली.

रविवारी त्याने सगळं उलगडलं. बोर्ड बाहेर काढून त्याच्याच खोक्यावर ठेवला, त्याला फक्त अगदी लागतील तेवढ्याच गोष्टी जोडल्या. अंगावरचे कपडे काढून तपासणीच्या टेबलावर निजवलेल्या माणसासारखा तो दिसत होता. बोर्डावरचा नाण्याएवढा सेल काढून ठेवला, थांबला, परत बसवला. स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने दोन पिना एकमेकींना टेकवल्या, बटण दाबल्यासारखंच असतं ते. पंखा हलला आणि थांबला. आता आणखी काही काढायला उरलं नव्हतं. त्याला घाम फुटला होता. डब्याच्या बुडाशी एखादा स्क्रू राहिला असेल म्हणून तो टेबलाखाली वाकला, हात घालून चाचपू लागला, आणि मागून आवाज आला. खोकला नव्हे. हवा आत जात नाही तेव्हा येतो तसा, कोरडा, ओढल्यासारखा. त्याचं डोकं टेबलाच्या कडेवर आपटलं. बायको खुर्चीत पुढे झुकली होती, पाण्याचा पेला खाली लवंडला होता, तिचा चेहरा लाल, मग वेगळाच रंग. त्याने तिला कमरेतून वाकवलं, शिकवल्याप्रमाणे खांद्यांच्या मधोमध तळहाताने थोपटलं, पुन्हा, पुन्हा. आपण तिला मारतो आहोत असं त्याला वाटत होतं. मग घरघर झाली, पाणी नाकातोंडातून आलं, आणि तिने लांब श्वास आत घेतला. तो जमिनीवर बसला, तिच्या पायांशी, ओल्यात. तिच्या पांढऱ्या झग्यावर पाठीवर त्याच्या हाताचे करडे ठसे उमटले होते. प्रोसेसरवरचा तो मलम धुऊन जात नाही.

बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "मी हाक मारली होती तुम्हाला." "ऐकू नाही आली." "मारली होती. पेला उचलायच्या आधी. हात थरथरत होता म्हणून." तिने त्याच्या केसांत बोटं घातली. बोटं पूर्वीसारखी वळत नव्हती, नुसती टेकवली. "नाही होत सुरू तर राहू द्या ना," ती म्हणाली. "मी आत्ता बोलते आहे ना. ते ऐका की." तो म्हणाला, "सुरू होईल."

सोमवारी रजा टाकून, शेजारणीला बायकोजवळ बसवून, त्याने डबा मांडीवर घेतला आणि टॅक्सीने दुरुस्तीच्या दुकानात नेला. दुकानदार चष्मा कपाळावर चढवून बसणारा, त्याच्याच वयाचा. त्याने बटण दाबलं, पंखा हलला, थांबला. "हं," दुकानदार म्हणाला. त्या 'हं'वर त्याने केवढी आशा ठेवली. दुकानदाराने आपला पॉवर सप्लाय लावून बघितला, आपली मेमरी लावून बघितली, प्रोसेसर काढून दुसऱ्या बोर्डावर चढवला. तिथे प्रोसेसर लगेच चालला. मग दुकानदाराने चष्मा खाली आणला. "जोडणी चोख आहे तुमची. बोर्ड मेलेला आहे."

"म्हणजे माझ्या हातून?"

"नाही हो. खोक्यातून आला तेव्हाच मेलेला असणार."

"नवा होता. सील मी स्वतः फोडलं."

"येतो एखादा तसा."

"पण कशामुळे?"

दुकानदाराने खांदे उडवले. "कोण शोधत बसतं. कंपनी बदलून देते."

"आत्ता दुसरा द्या. तो परत येईल तेव्हा येईल. मी विकत घेतो."

"या प्रोसेसरला बसेल असा माझ्याकडे नाही. बाजारातही नाही सध्या, मी सकाळीच एकासाठी विचारलं. दोन-तीन आठवडे धरा."

तो काउंटरला धरून उभा राहिला. दोन-तीन आठवडे आमच्याकडे नाहीत, असं त्याला सांगायचं होतं. पण ते वाक्य दुकानात सांगण्यासारखं नव्हतं. दुकानदाराला त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी दिसलं असावं. "खूप महत्त्वाचं काही अडलंय का? तुमची फाइल-बिइल असेल तर मी काढून देतो," तो म्हणाला. "नाही," त्याने सांगितलं. "अजून काही त्यात गेलेलं नाही."

त्यानंतरचे दिवस तो टेबलाशी गेला नाही. ऑफिसातून आला की बायकोसमोर खुर्ची ओढून बसायचा. बोल, म्हणायचा. आणि ती बोलायची: दवाखान्यातल्या गोष्टी, त्याला माहीत असलेल्या आणि नसलेल्या, तिच्या आईची, मुलगी पोटात असताना तिला खडू खावासा वाटायचा आणि दवाखान्यातल्या फळ्याशेजारून जाताना ती हात मागे बांधून घ्यायची, ते. एक दमल्यासारखी चमत्कारिक शांतता त्या संध्याकाळींना होती. तिचे शब्द आणखी गोल झाले, लहान झाले, वाक्यं तुटायला लागली. तो मधली जागा भरून घ्यायचा. कधीकधी त्याच्या मनात यायचं की ती जे म्हणते ते आपण ऐकतो आहोत, की ती काय म्हणेल ते माहीत असल्याने आपणच आतल्या आत म्हणतो आहोत. मग तो घाबरून एखादा प्रश्न विचारायचा, ज्याचं उत्तर त्याला माहीत नसेल असा. "मांजराला काय नाव ठेवायचं?" ती विचार करायची आणि काहीतरी म्हणायची, आणि ते त्याला कळायचं नाही. तो मान हलवून "छान आहे" म्हणायचा.

बोर्ड आला. दुकानदाराने स्वतःच जोडून ठेवला होता. घरी आणून त्याने बटण दाबलं, आणि पंखे फिरले, फिरतच राहिले, पडद्यावर कंपनीचं चिन्ह आलं. बस एवढंच. एखाद्याने खोलीत येऊन सहज दिवा लावावा तसं. त्याला आनंद व्हायला हवा होता. बायकोने टाळी वाजवायला हात उचलले. ते एकमेकांपर्यंत गेले आणि आवाज न होता टेकले.

दुसऱ्या दिवशी सकाळी थेरपिस्ट आली. पाणी प्यायली, प्रोग्राम चढवला, बायकोच्या तोंडाशी माइक आणला, कानांवर हेडफोन चढवले. पडद्यावर मोठ्या अक्षरांत पहिलं वाक्य आलं: 'आज बाहेर छान ऊन पडलं आहे.' बायकोने ते वाचलं. सावकाश, जीव लावून, दवाखान्यात ती नावं वाचायची तसं. त्याला ते इतकं स्वच्छ ऐकू आलं. पडद्यावर लाल चौकट उमटली: आवाज स्पष्ट नाही. कृपया वाक्य पुन्हा वाचा. तिने पुन्हा वाचलं. लाल चौकट. "माइक जरा जवळ घ्या," तो थेरपिस्टला म्हणाला. माइक जवळ आला. लाल. "खिडकी लावतो, खाली गाडी धुतायत." खिडकी लावली. लाल. त्याने माइकची वायर काढून पुन्हा खोचली. दुसरं वाक्य घेऊन बघितलं, तिसरं घेऊन बघितलं. तो पडद्याकडे वाकून सेटिंगच्या चौकटी उघडू लागला, वरून खाली, एकेक करून, आणि थेरपिस्टने त्याच्या मनगटावर हात ठेवला. "यंत्रात काही बिघाड नाही," ती हळूच म्हणाली.

बायको हेडफोन लावून बसलेली, तिला हे ऐकू गेलं की नाही कळलं नाही. पण तिने वाचायचं थांबवलं होतं. थेरपिस्ट तिच्यापुढे गुडघ्यांवर बसली. अशा वेळी दोन गोष्टी करता येतात, ती म्हणाली. प्रोग्राममध्ये तयार आवाज असतात, त्यांतला एक निवडायचा. किंवा घरातल्या कुणीतरी आपला आवाज द्यायचा. बहीण, मुलगी. मुलीचा आवाज पुष्कळदा आईसारखाच असतो. "मुलगी तिथून वाचून पाठवू शकेल," ती म्हणाली. बायकोने मान हलवली, नाही. मग काहीतरी बोलली. थेरपिस्टने त्याच्याकडे बघितलं. "काय म्हणाल्या?"

"तिला तिकडे एकटीला हे वाचत बसवू नका, म्हणते," तो म्हणाला.

"मग तयारच्यांतला एखादा ऐकवू?"

बायको पुन्हा बोलली. या वेळी लहानच वाक्य होतं, आणि बोलताना ती त्याच्याकडे बघत होती. डोळ्यांत थोडी गंमत होती. थेरपिस्ट वाट बघत राहिली. त्याला कळलं होतं, पण ते सांगायला त्याला वेळ लागला.

"मी वाचावं, म्हणते."

थेरपिस्ट क्षणभर गोंधळली. "म्हणजे यांच्या तोंडून तुमचा आवाज येईल. पुरुषाचा. चालेल?" बायकोने मान डोलवली. "मग मी पुरुषांसाठीची वाक्यं लावते," थेरपिस्ट म्हणाली, "'मी आलो', 'मी गेलो' अशी. नाहीतर हे सगळं 'आले', 'गेले' आहे."

"नको," तो म्हणाला. "बोलायचं तिला आहे. तिचीच असू दे."

तो बायकोच्या शेजारी खुर्ची घेऊन बसला. हेडफोन तिच्या डोक्यावरून काढून स्वतःच्या कानांवर चढवले. ते अजून कोमट होते. माइक त्याच्याकडे वळला. आयुष्यात त्याने मोठ्याने असं काही वाचलं नव्हतं; ऑफिसातसुद्धा तो नकाशावर बोट ठेवून गप्प उभा राहायचा, बोलायचे दुसरेच. त्याने घसा साफ केला. "मी आत्ताच उठले," त्याने वाचलं. हिरवी खूण आली. "मी जरा दमले आहे." हिरवी. "मला एकटीला बसू दे." हिरवी. आपलाच आवाज हेडफोनमधून त्याच्या कानांत येत होता, जाडसर, सपाट, प्रत्येक शब्दाखाली रेघ ओढल्यासारखा. बायको ओठ मिटून ऐकत होती. एकदा ती हसली आणि तिचे खांदे हलत राहिले. कदाचित त्या 'एकटीला'वर असेल.

"इथे एक आहे," थेरपिस्ट पडद्याकडे बघत म्हणाली. "ही वाक्यं सगळी 'तू' म्हणून लिहिलेली आहेत. त्या तुम्हाला 'अहो, तुम्ही' म्हणतात ना? बदलून देऊ?"

त्याने बायकोकडे बघितलं. तिने काही सांगायचा प्रयत्न केला, पहिल्या प्रयत्नात नुसती हवा आली. दुसऱ्यांदा थोडं आलं. तो तिच्या तोंडाशी कान नेऊन थांबला, आणि या खेपेला त्याच्या कानांनी काहीच भरून दिलं नाही. फक्त तो ओला, गोल आवाज होता, शब्द नसलेला. तिने ते ओळखलं. मग ती बोलायची थांबली, आणि डोळ्यांनी पडद्यावरच्या त्या वाक्याकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं, पुन्हा वाक्याकडे.

"राहू दे तसंच," तो थेरपिस्टला म्हणाला. "तू म्हणायचं आहे तिला."

थेरपिस्टने पुढे जायची कळ दाबली. वाक्य मोठं होऊन मधोमध आलं. त्याने ते आधी मनात वाचलं. खिडकी लावलेली असल्याने खोली अगदी गप्प होती, फक्त पंखे एकसारखे फिरत होते.

"तू जेवलास का?" त्याने वाचलं.

हिरवी खूण लगेच आली. पुढचं वाक्य समोर उभं राहिलं, पण तो वाचेना. थेरपिस्टला वाटलं त्याला अक्षर नीट दिसत नाही, म्हणून तिने ते आणखी मोठं केलं.